पेपर छापून आलाय म्हणून उसाचं औषध घ्यायचं का? (उत्तर लांब झालंय, सावकाश वाचा)

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निपाणीकडचे एक तरुण शेतकरी आहेत, बीएस्सी झालेत, घरचा ऊस आहे. गावात एका कंपनीचा माणूस उसावर फवारायचं बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारं औषध) विकायला आला आणि सोबत आठ पानांचा इंग्लिश रिसर्च पेपर देऊन गेला. वर 'इंटरनॅशनल जर्नल' असं छापलेलं आणि आत 'टनेज २५ टक्क्यांनी वाढलं'. आता घरात वडील नि चुलते म्हणतायत, तू शिकलायस न्हवं, वाच आणि सांग खरं का खोटं. तर हे ओळखायचं कसं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी बेळगावात असतो, कृषी संख्याशास्त्र शिकवतो. ऊस, सोयाबीन, मका असल्या पिकांच्या चाचण्यांचे प्लॉट आखून द्यायचे, कापणीनंतर आकडे तपासायचे, आणि मधनंमधनं जर्नलवाले पाठवतात ते पेपर छापण्याआधी वाचून शेरे द्यायचे, हेच माझं काम. त्यामुळं हा प्रश्न बघितल्यावर गप्प बसवेना.

'खरा का खोटा' असं विचारलं की माणूस अडकतो. खोटे पेपर असतात, नाही असं नाही, पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात ते खरे पण कच्चे पेपर. म्हणजे प्रयोग झालेला असतो, ऊस मोजलेला असतो, कुणी फसवायच्या इराद्यानं बसलेलं नसतं, पण त्या आकड्यांतनं जे निघतं आणि विकणारा माणूस तुमच्या पडवीत बसून जे सांगतो, ह्यात लई अंतर असतंय. म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो. '२५ टक्के वाढ' हे वाक्य त्या पेपरातल्या आकड्यांना पेलतंय का? आणि पेलत असलं तरी तुमच्या रानात त्याचा उपयोग काय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पेपर चांगला निघाला तरी दुसऱ्याचं उत्तर 'काही नाही' येऊ शकतं.

आधी छापून येण्याबद्दल, कारण घरच्यांचा सगळा भर त्याच्यावर असणार. चांगल्या जर्नलला पेपर पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जणांकडं पाठवतात, ह्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. हे लोक बहुतेक वेळा फुकट काम करतात, सुट्टीच्या दिवशी नायतर रात्री जेवण झाल्यावर. आमच्यासमोर असतो तो फक्त लेखकांनी लिहून पाठवलेला कागद. आम्ही त्या रानात जात नाही, ऊस परत मोजत नाही. पद्धत पटते का, आकडे एकमेकाला जुळतात का, निष्कर्ष ओढूनताणून काढलाय का, एवढंच बघता येतं. लेखकानं प्लॉट न आखताच आकडे लिहिले असतील तर ते हुशारीनं लिहिलेले असले की आम्हालाही कळणार नाही. मोठ्या जर्नलांचं पण तेच आहे. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, लॅन्सेट ह्या वैद्यकातल्या नामांकित जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ह्या मलेरियाच्या औषधावर एक पेपर आला, जगभरच्या हॉस्पिटलांतल्या ९६ हजार पेशंटांची माहिती म्हणून. बाकीच्या शास्त्रज्ञांनी शंका काढल्या, मूळ डेटा तपासायला द्या म्हटलं, तो काय मिळेना, आणि ४ जूनला लेखकांनीच पेपर मागं घेतला. हे लॅन्सेटचं झालं. साध्या जर्नलांचं काय सांगावं, २०१३ साली सायन्स मासिकासाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम चुका भरलेला, बनावट संस्थेच्या नावाचा, कॅन्सरच्या औषधावरचा पेपर ३०४ जर्नलांना पाठवून बघितला आणि १५७ जर्नलांनी तो घेतला. २०२३ मध्ये तर एकट्या हिंदावी प्रकाशनाच्या जर्नलांतले ८ हजारांवर पेपर मागं घ्यावे लागले.

म्हणून सगळं संशोधन लबाडी आहे असं म्हणायला लागू नका, तेही चूकच. फिजिक्समधलं एक उदाहरण मला लई आवडतं. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या लोकांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतनं निघालेले न्यूट्रिनो (अणूपेक्षाही बारीक कण) ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सोच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचतायत. आइन्स्टाइनलाच धक्का. पण त्यांचं म्हणणं असं होतं, की आम्ही शोधून शोधून दमलो, चूक सापडत नाही, आता तुम्ही बघा. पुढच्या वर्षी कळलं की फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती, आणि त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या गटानं मोजलं तर न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगानं येत होते. त्यात कुणाचं नाक कापलं गेलं असं मला वाटत नाही. पेपर म्हणजे काय तर 'आम्ही असं केलं, आम्हाला असं दिसलं, तुम्हीही करून बघा' एवढंच. विकणारा त्याला 'सिद्ध झालंय' म्हणतो, शास्त्रज्ञ बहुतेक वेळा तसं म्हणत नसतो.

जर्नल कुठलं ते बघाच, पण त्यात दहा मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नका. आयएसएसएन नंबर असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो नुसता नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, अर्ज केला की मिळतो. 'इंटरनॅशनल' हा शब्द कुणीही लावतं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) लिहिला असेल तर तो क्लॅरिव्हेट ह्या मूळ कंपनीचा का दुसऱ्याच कुठल्यातरी साइटचा ते बघा, कारण पैसे घेऊन इम्पॅक्ट फॅक्टर वाटणारी दुकानं पण आहेत. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) बघा असं कुणी सांगेल, पण ती यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केली. शेतीच्या जर्नलांसाठी नास म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीची रेटिंगची यादी असते, त्यात नाव आहे का बघा. नसलं म्हणून लगेच फेकून देऊ नका, असलं म्हणून डोक्यावर घेऊ नका. पेपरवर डीओआय (पेपराचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाकून उघडतो का बघा, आणि पेपराच्या नावापुढं 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागं घेतलेला, असं लागलंय का तेवढं बघा. झालं. गूगल स्कॉलरवर सापडतो हा पुरावा धरू नका, तिथं सगळंच सापडतं.

आता मुख्य काम. मी पेपर मधनं वाचायला सुरू करतो. वरचा सारांश शेवटी वाचतो, कारण सारांश लिहिताना प्रत्येकजण आपलं पोर गोरंच दाखवतो. आधी 'मटेरियल्स अँड मेथड्स' आणि मग थेट टेबल.

मेथड्समध्ये पहिलं हुडकायचं ते कंट्रोल. औषध न मारलेल्या प्लॉटला काय काय दिलं होतं? हे फार महत्त्वाचं आहे आणि इथंच सगळ्यात जास्त गडबड असते. किती तरी पेपरांत असं असतं की एका प्लॉटला शिफारशीचं पूर्ण खत अधिक औषध, आणि कंट्रोलला नुसतं 'नो ट्रीटमेंट'. मग वाढ खताची का औषधाची? नीट प्रयोगात दोन्हीकडं खत तेच, पाणी तेच, बेणं तेच, आणि कंट्रोलवर त्याच दिवशी नुसत्या पाण्याची फवारणी. आणखी एक, बाटलीत काय आहे ते वाचा. समुद्री शेवाळाच्या अर्काबरोबर थोडं झिंक, थोडं लोह घातलेलं असेल आणि प्रयोगाचं रान झिंक कमी असलेलं असेल, तर वाढ दिसेल की, पण ती झिंकची असेल, आणि झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात कितीतरी स्वस्तात मिळतं. अशा वेळी पेपर खरा असतोय, वाढ खरी असतीय, फक्त बाटली महाग असते.

दुसरं, प्लॉट किती आणि कुणाला औषध द्यायचं हे कसं ठरवलं. तुम्ही रान कसता त्यामुळं हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळतं, की एकाच फडात ओढ्याकडची बाजू वेगळी आणि बांधाकडची वेगळी. पाटाचं पाणी पहिल्यांदा जिथं चढतं तिथला ऊस आणि शेवटच्या सरीतला ऊस सारखा असतो का? मग औषधाचा प्लॉट चांगल्या बाजूला पडला तर औषध न मारताच पाच-सात टन जास्त. ह्याच भानगडीतनं आजची प्रयोगाची सगळी पद्धत निघाली. १९१९ साली रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आला, तिथं वर्षानुवर्षांचे खताच्या प्रयोगांचे आकडे पडून होते, आणि जमिनीचा फरक कुठला आणि खताचा कुठला हे वेगळं कसं काढायचं ह्याच्यावर त्यानं डोकं घातलं. रानाचे सारख्या जमिनीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक ट्रीटमेंट (म्हणजे तुलनेतला प्रत्येक प्रकार, कंट्रोल धरून) एकदा तरी आली पाहिजे, आणि पट्ट्यात कुठं कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, स्वतःच्या मनानं नाही. आज नव्या औषधांच्या चाचण्या माणसांवर होतात त्यात पण हीच चिठ्ठीची पद्धत आहे. तेव्हा पेपरात 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन' लिहिलंय का आणि किती रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट किती वेळा लावली, ते बघा. आमच्यात एक ठोकताळा आहे, एररचे डिग्री ऑफ फ्रीडम (योगायोगाचा फरक किती हे ठरवायला हाताशी असलेली स्वतंत्र माहिती) बारा तरी पाहिजेत. गणित सोपं आहे, ट्रीटमेंटमधनं एक वजा, रेप्लिकेशनमधनं एक वजा, आणि गुणाकार. तीन ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशन असतील तर दोन गुणिले दोन, चार. चारावर काही ठाम सांगायचं म्हंजे धाडसच आहे. चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन असतील तर तीन चोक बारा, मग बरं.

आणि कडेच्या सऱ्या! कडेच्या सरीला ऊन, हवा जास्त मिळते, ऊस जाड होतो, हे कुणालाही माहीत आहे. म्हणून प्लॉटच्या चारी बाजूच्या सऱ्या सोडून मधल्याच तोडून वजन घ्यायचं असतं, ह्याला नेट प्लॉट म्हणतात. पेपरात 'ग्रॉस प्लॉट' आणि 'नेट प्लॉट' असे दोन आकार दिलेले असले की माझा त्या लेखकावर निम्मा विश्वास बसतो, कारण हे माणूस रानात उभा राहिलेला असल्याशिवाय लिहीत नाही. उलट पाच-सहा उसांचं वजन घेऊन त्याला हेक्टरी टनात गुणून टाकलेलं असेल तर ते आकडे नुसते शोभेचे.

आता टेबल. आपल्याकडच्या शेतीच्या पेपरात टेबलच्या सगळ्यात खाली दोन ओळी असतात, 'एस. ई. एम. प्लस मायनस' (सरासरीतली संभाव्य चूक) आणि 'सी. डी. ॲट फाइव्ह पर्सेंट'. बहुतेक लोक इथपर्यंत नजर नेतच नाहीत आणि सगळा खेळ तिथंच असतोय. सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, एवढा तरी फरक असल्याशिवाय तो औषधाचा फरक म्हणायचा नाही असा कमीत कमी आकडा. समजा कंट्रोलचं टनेज हेक्टरी ११० आहे आणि औषधाचं ११८, आणि खाली सीडी लिहिलाय १२. फरक आठचा, सीडी बाराचा. म्हणजे दोन्ही 'ऑन पार', सारखेच. तो आठ टनाचा फरक नुसता जमिनीच्या, पाण्याच्या कमीजास्तीनंही आला असता. पण माहितीपत्रक छापणारा काय करतो, ११० वर ८ म्हणजे सात टक्के वाढ असं मोठ्या अक्षरात छापतो. खोटं बोलला का? आकडा तर टेबलातलाच आहे. म्हणून कंट्रोल, औषध आणि सीडी हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहा, वजाबाकी करा, मग बोला. सीडीच्या जागी 'एन. एस.' (नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही) लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला. आणि ती ओळच नसेल तर त्या टेबलावर वेळ घालवू नका.

पाच टक्के म्हणजे काय तेही सांगतो नायतर सीडी म्हणजे देवाचा शब्द वाटायचा. औषधात काहीच दम नसला तरी नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता वीसात एक, असा त्याचा साधारण अर्थ. आता उसाच्या पेपरात काय काय मोजतात बघा, उगवण, फुटवे, उंची, कांड्यांची संख्या, कांडीची लांबी, जाडी, पानांचा हिरवेपणा, एका उसाचं वजन, गाळपालायक उसांची संख्या, ब्रिक्स (रसात विरघळलेला अंश), सुक्रोज (साखर), टनेज. एवढ्या गोष्टी मोजल्यावर एखादी तरी योगायोगानं 'सिग्निफिकंट' (सीडी ओलांडणारी) निघायची शक्यता बरीच असते की. मग पेपराचं नाव त्याच्यावरनं पडतं. उंची वाढली, फुटवे वाढले, आणि टनेजच्या रकान्यात गुपचूप ऑन पार. तुम्हाला फॅक्टरी उंचीचे पैसे देते का? टनेजचा रकाना तेवढा बघा, फार तर रिकव्हरीचा (साखरेच्या उताऱ्याचा).

अजून एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांच्याही लवकर लक्षात येत नाही. टक्के कशावर काढलेत? कंट्रोलचं टनेज स्वतः बघा. हेक्टरी ७० टन असेल तर ते एकरी २८ टन झालं. आता तुमचा ऊस एकरी ४५ टन निघत असेल तर ज्या रानावर तो प्रयोग झाला ते रानच तुमच्यासारखं नाही, एकतर पाण्याचा ताण असेल, नायतर चोपण असेल, नायतर खत कमी पडलं असेल. उपाशी पिकाला काहीही दिलं तरी वाढ दिसते. तिथले २५ टक्के तुमच्या ४५ टनावर लावून सव्वा अकरा टन जास्त येणार असं गणित घरात कुणी मांडलं असेल तर ते आधी पुसायला सांगा.

चांगला पेपर कसा असतो हेही बघायला पाहिजे ना, नुसत्या चुका काढत बसलो तर काय उपयोग. त्यासाठी मी नेहमी आपल्या जिल्ह्यातलाच पेपर दाखवतो, शेतीचा नाही, बाळंतपणाचा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ ह्या काळात आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत ही चाचणी केली, २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. प्रश्न एकच होता, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात, तिथं नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का. मोठ्या दवाखान्यात नव्हे, घरात आणि उपकेंद्रात, जिथं इंजेक्शन द्यायला डॉक्टर नाही तिथं. १६२० बायका, चिठ्ठी टाकल्यासारखं वाटप, ८१२ जणींना खरी गोळी आणि ८०८ जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली मिळाली हे देणाऱ्या नर्सबाईला पण माहीत नाही. आणि रक्त 'लई गेलं', 'थोडं गेलं' असं अंदाजानं लिहिलेलं नाही, खुणा मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमा करून मोजलेलं.

निकाल असा, औषध नसलेल्या गोळीच्या गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. आता हे एकच वाक्य दोन तऱ्हेनं सांगता येतं. 'धोका ४७ टक्क्यांनी कमी' हे पण बरोबर, आणि 'शंभरात साडेपाच-सहा बायकांचा अतिरक्तस्राव टळला' हे पण बरोबर. विकणारा पहिलं वाक्य उचलतो. त्या लेखकांनी दुसरं पण स्वच्छ लिहिलंय, की १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. त्याचबरोबर गोळीनं थंडी वाजते, ताप येतो हेही लपवलेलं नाही. आणि एवढं करून गाडी तिथंच थांबली नाही, इतर ठिकाणचे पुरावे जमत गेले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या गावाकडच्या बायकांनी भाग घेतलेला अभ्यास आहे हा, आणि आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे, असो. तुमच्या आठ पानांना हेच प्रश्न लावा. तुलना कुणाशी, वाटप कुणी केलं, मोजलं कसं, तोटा सांगितलाय का.

उसात पण एका पेपरवर कुणी शिफारस करत नाही. नवीन जात यायची तर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात ती बऱ्याच केंद्रांवर लावतात, दोन वर्षं लागण (नवीन लावलेला ऊस) आणि त्याचा एक खोडवा (तोडीनंतर बुडख्यातनं परत फुटलेलं पीक) एवढं बघितल्यावर मग बोलतात. तुमच्या पेपरात एक हंगाम, एक रान असेल तर तो वाईट आहे असं नाही, पण ती सुरुवात आहे. कंपनीनं पैसे दिलेत म्हणूनही लगेच नाक मुरडू नका, पैसे कुणीतरी देणारच. फक्त आभाराच्या परिच्छेदात ते नीट सांगितलंय का, आणि कंपनीशी संबंध नसलेल्या कुणी दुसऱ्या ठिकाणी तेच करून बघितलंय का, हे हुडका. त्यासाठी कृषीकोष म्हणून साइट आहे, कृषी विद्यापीठांतल्या पोरांचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात, धारवाडचे पण आहेत. प्रबंधाचा एक फायदा असा की त्यात 'काही फरक पडला नाही' असे निकालही असतात, जर्नलांत ते सहसा येत नाहीत, दहा जणांनी करून बघितलं आणि एकाचं जमलं तर त्या एकाचाच पेपर छापून येतो. संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे, तिथं जाऊन विचारा, हे औषध तुम्ही लावून बघितलंय का म्हणून. बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, त्यामुळं लेबल वाचा आणि शंका आली तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा. लेबल, पत्रकं कन्नडमधनं असतात हे खरं, पण आकडे सगळीकडं सारखेच.

एआयला पेपर देऊन मराठीत सारांश मागणारे बरेच झालेत आता. भाषा कळायला वापरा, माझी हरकत नाही, पण ते सहसा वरच्या सारांशाचाच सारांश करून देतं, आणि आपलं काम टेबलाच्या तळाशी आहे. ती वजाबाकी स्वतःच करा.

तर एवढं बघून झाल्यावर 'घ्यायचं का' हे उरतंच, आणि ते तुमच्या जमिनीवर, पाण्यावर, लागण आहे का खोडवा आहे ह्याच्यावर अवलंबून आहे. माझं विचाराल तर घरच्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा पंचवीस-तीस गुंठ्यात स्वतःच बघा. चार-चार सऱ्यांचे बारा पट्टे धरा, शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा सहा जोड्या. प्रत्येक जोडीत कुठल्या पट्ट्यावर मारायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, चुलत्यांनाच टाकायला सांगा म्हणजे नंतर कुरकुर नको. दुसऱ्यावर त्याच दिवशी तेवढंच साधं पाणी. खत, पाणी, भरणी सगळं सारखं. बांबू रोवून खुणा करा आणि कुठला पट्टा कशाचा ते वहीत लिहून ठेवा.

वजन घेताना पट्ट्यातल्या मधल्या दोन सऱ्या, वीस फूट लांबी, रानाच्या टोकाला नाही तर मध्यावर. साडेचार फुटाची सरी असेल तर दोन सऱ्या गुणिले वीस फूट म्हणजे १८० चौरस फूट, आणि एकरात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे २४२ पट. तेवढ्या जागेतला ऊस २०० किलो भरला तर एकरी ४८.४ टन. मोळ्या बांधून लटकत्या काट्यावर वजन करा, आणि वजन वाचणाऱ्याला पट्टा कशाचा ते सांगू नका.

मग सहा जोड्यांत कोण जिंकलं ते बघा. औषधात दम नसेल तर प्रत्येक जोडी म्हणजे छापा-काटा, सहाच्या सहा जोड्यांत औषधाचाच पट्टा वर यायची शक्यता ६४ मध्ये एक. तसं झालं तर तुमच्या रानात काहीतरी घडतंय म्हणा. चार-दोन झालं तर त्यातनं काही सिद्ध होत नाही. एकरी दीड-दोन टनाचा बारका फरक एवढ्या छोट्या चाचणीत पकडता येणार नाही हेही सांगून ठेवतो, त्याला जास्त जोड्या लागतील. पण त्या माणसाचं म्हणणं २५ टक्क्यांचं आहे, आणि ४५ टनावर सव्वा अकरा टनाचा फरक असेल तर तो लपून राहणार नाही, काट्यावर सोडा, नुसत्या मोळ्या रचल्या तरी दिसेल. दिसलाच तर खर्चाचा हिशेब करा. समजा औषध आणि फवारणी मिळून एकरी चार हजार आणि टनाला तीन हजार धरले तर सव्वा-दीड टन तर नुसता खर्च निघायलाच लागतो.

एक लक्षात ठेवा, वजनाचं काम फॅक्टरीची तोड यायच्या आधी उरकून घ्या. चार माणसं लावली तर दिवसभरात होतं, आणि तोडलेला ऊस शक्यतो लगेच ट्रॉलीत जाईल असा दिवस धरा, नायतर वाळून वजन घटतं. टोळी एकदा रानात शिरली की तुमचे बांबू आणि खुणा कुणी बघत नाही.